सगुणाने आखलेले डोळे

—नाय गो सगुणा, हात तुझा चांगलाच हाय, मी कुठं नाय म्हणते? सकाळी तू त्या गणपतीचे डोळे आखलेस ना, मी चूक काढायला म्हणून वाकले अन् आपसूक हातच जोडले बघ. पेणमध्ये एवढे कारखाने, पण असे डोळे— ते जाऊ दे. चा घे. कागदी कपात दिलाय तो उगाच मनाला लावून घेऊ नको, पेले घासायचे ऱ्हायलेत. अन् बस तिथंच उंबऱ्यात, आत रंग ओला हाय.

जरा हळू बोल हां. आत माझा हिरामण निजलाय— निजलाय कसला, भिंतीकडं तोंड करून पडलाय. डिप्लोमा चांगल्या मार्कांनी पास झाला, रोह्याला कंपनीत मुलाखतीला गेला, नवा शर्ट घालून. सगळी उत्तरं बरोबर, सायेब खूश. मग आडनाव वाचलं, गाव इचारलं— ‘अच्छा, आगरी होय?’ अन् हसला. वाईट नाय बोलला हां, गोडच बोलला. ‘हुशार आहेस रे, पण तुझं मन इथं रमणार नाही.’ म्हंजे काय गो? माझ्या पोराचं मन रमंल का नाय, ते ह्याला काय ठाऊक? मुस्काटात मारलं असतं तर परवडलं असतं. ताट तसंच परत येतं अन् मी मोरीत बसून रडते.

तू कशाला डोळं पुसतेस? गुणाची हायस तू, म्हणून सांगते— मागं पडवीत घासकाम कर, पॉलिश पेपर देते. डोळे आखायचं नको. मी जात बघत नाय हां, मुळीच नाय— पण गिऱ्हाईक इचारतं, बाप्पाचे डोळे कुणी काढले, तर काय, कातकरवाडीतली म्हणून सांगू? अन् तुम्ही लोकं आज हाय, उद्या वीटभट्टीवर. —व्हय, दहावी झालीस, म्हाईत हाय. भट्टीवर कधी गेली नायस, ते पण म्हाईत हाय. पण दिवसभर एका जागी, मान खाली घालून— हुशार हायस गो, पण तुझं मन इथं रमायचं नाय.

काय झालं? माझ्या पाठीमागं काय बघतेस?

हिरामण! उठलास रं? ये, ये, भाकरी गरम हाय— कधीपास्न उभा हायस दाराशी?

...असा नको रं बघूस माझ्याकडं.