कृपया बोट लावा

अजून आठवलं की डोकं फिरते लेकहो. पुण्याच्या लॅबमध्ये तीन वर्षं घासून आम्ही एक मशीन बनवलं. ते बोटातून उजेड टाकते अन् सुई न टोचता रक्त किती कमी हाय ते सांगते. पहिली चाचणी मी मुद्दाम आमच्या गावी, वडनेर भोलजीले ठेवली. पहिला नंबर माह्या काकूचा. जन्मभर निंदण-वेचणी करून घट्टे पडलेलं बोट तिनं आत घातलं. मशीन बोललं, "कृपया बोट लावा."

"लावलं ना बाप्पा!" काकू म्हणे.

"कृपया बोट लावा."

तिच्यामागं रांगेत उभ्या साऱ्या मजूर बायकांचं तेच झालं. काकू म्हणे, "काऊन रे, याले तिकडं कोणाची बोटं दाखवली होती?"

काय सांगू? लॅबमधल्या पोरापोरींची, पेनाशिवाय काही न धरलेली.

लॅबच्या मोठ्या सरांले फोन लावला. "त्या बायका यादीतून काढून टाक," ते म्हणाले, "तिथल्या कॉलेजच्या मुली घे."

"सर, हे मशीन आपण कोणासाठी बनवून राह्यलो?" मी ओरडलोच.

"शेतमजूर बायकांसाठी," सर शांतपणे म्हणाले. "प्रस्तावात लिहिलंय की."