पोथीसारखा बांधलेला लॅपटॉप

अध्यक्षस्थान भूषविणारे आपल्या संस्थेचे संचालकसाहेब. प्रमुख पाहुण्या म्हणून लाभलेल्या संगणक विभागाच्या प्रमुख, ज्या माझ्या हातात कोणतेही यंत्र पाहिले की प्रथम डोळे मिटून दीर्घ श्वास घेतात. ज्यांच्यासाठी आपण सारे जमलो त्या, आज निवृत्त होणाऱ्या सत्कारमूर्ती कप्पेताई. पहिल्या रांगेत बसलेले त्यांचे यजमान आणि सासूबाई. तसेच दाराजवळच्या खुर्च्या मोठ्या दूरदृष्टीने निवडून बसलेले माझे सहकारी हो, सर्वांना माझा सविनय नमस्कार.

मला पाच मिनिटे दिलेली आहेत. एक्याऐंशी वर्षांच्या माणसाला पाच मिनिटे देणे ही थट्टा आहे. त्यातली दोन तर खुर्चीतून उठण्यात गेली. तेव्हा उरलेली तीन मी थोडी ताणून वापरीन.

आपले काम काय? जुनी हस्तलिखिते जिथे असतील तिथे जायचे, त्यांची पानन् पान छायाचित्रे काढायची आणि परत यायचे. पोथी आपल्या दारी येत नाही, आपल्यालाच तिच्या दारी जावे लागते. म्हणून प्रवास आला, प्रवासाबरोबर लॅपटॉप आला, कॅमेरा आला, वायरींचे जंजाळ आले, आणि या सगळ्याला घर हवे म्हणून कप्पेताई आल्या. सव्वीस वर्षे त्यांनी प्रवासी साहित्याचे भांडार सांभाळले. कप्पेताई हे नाव त्यांना कोणी दिले ठाऊक नाही, पण यथार्थ आहे. प्रत्येक वस्तूला स्वतःचा कप्पा हवा, हा त्यांचा सिद्धांत. चार्जरला कप्पा, माउसला कप्पा, डिस्कला कप्पा. संचालकसाहेबांना स्वतंत्र खोली मिळाली तीही बहुधा याच सिद्धांतानुसार.

त्यांची परीक्षापद्धती आपल्यातल्या किती जणांनी पाहिली आहे? मी पाहिली आहे. एकदा एक विक्रेता लॅपटॉपच्या बारा पिशव्या घेऊन आला. "ताई, वॉटरप्रूफ आहे, शॉकप्रूफ आहे, एकदम मिलिटरीची क्वालिटी!"

"असेल. आत हा बिस्किटांचा पुडा घाला आणि टेबलावरून खाली टाका."

"ताई, बिस्किटं?"

"लॅपटॉप तुमचा आहे का तुमच्याजवळ? मग बिस्किटंच. आणि कोपऱ्यावर पडू द्या. वस्तू नेहमी कोपऱ्यावरच पडते. पाठीवर पडायला ती काय योगासनं शिकलीय?"

बारांपैकी नऊ पुड्यांचा भुगा झाला. तो भुगा संचालकांच्या खोलीत पुढचे आठ दिवस चहाबरोबर पाहुण्यांना दिला गेला, हे पाहुण्यांना आजवर कोणी सांगितलेले नाही.

त्या म्हणत, पडदा पंधरा इंचांचा म्हणून पिशवी पंधरा इंचांची घेऊ नका. लॅपटॉप मिटून, पट्टी लावून, त्याची लांबी, रुंदी आणि जाडी स्वतः मोजा. आत तो हलता कामा नये. हलला तर ती पिशवी नव्हे, पाळणा. चेनच्या आतून कापडाची पट्टी हवी, नाहीतर चेनचे दात रोज थोडे थोडे यंत्र खातात. आणि वायरी ठेवण्याच्या पिशवीला वीस कप्पे असणे हा गुण नाही. डोळे मिटून हात घालावा आणि हवी ती वस्तू हाती यावी, हा गुण. ही परीक्षा एकदा संचालकसाहेबांनी दिली. डोळे मिटले, हात घातला, आणि चार्जर म्हणून स्वतःचाच चष्मा बाहेर काढला. साहेब, आपण हसलात, म्हणजे आठवते आहे.

आता माझ्याकडे येतो. आत्म्याला आग जाळत नाही, पाणी भिजवीत नाही, हे मी जन्मभर शिकवले. लॅपटॉपला मात्र नुसती ऊबही जाळते, हे मला बहात्तराव्या वर्षी कळले. कसे, ते ऐका.

नऊ वर्षांपूर्वी एका वृद्ध डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या घरची तीनशे बारा पानांची पोथी दाखवायचे कबूल केले. दोनच दिवस, आणि पुन्हा नाही, असे त्यांनी बजावले होते. मी निघालो. कप्पेताईंनी जाड कोपऱ्यांची काळी पिशवी पुढे केली आणि सोबत गळ्यात अडकवायची एक लहान पिशवी.

"शास्त्रीबुवा, डिस्क या लहान पिशवीत. निघण्यापूर्वी सगळे फोटो तिच्यावर उतरवायचे. लॅपटॉप नुसता मिटायचा नाही, बंद करायचा. आणि त्याच्या पिशवीत दुसरं काहीही घालायचं नाही. चार्जरसुद्धा नाही."

"बाई, मी सातशे वर्षांच्या पोथ्या हाताळल्या आहेत."

"पोथीला काचेचा पडदा नसतो."

"आणि या काळ्या पिशवीला परंपरा नसते."

"नसू दे. फोम आहे."

काळी पिशवी मी घरच्या कपाटात ठेवून गेलो. लहान पिशवी तेवढी गळ्यात घातली, कारण तिच्यात माझ्या कानयंत्राच्या बॅटऱ्या छान मावत होत्या.

परत निघताना मी लॅपटॉप कसा बांधला असेल? आपल्या बांधणी विभागाने आता माना खाली घातल्या तरी चालेल. खाली लाकडी फळी, वर लाकडी फळी, भोवती लाल कापडाचे सात वेढे, आणि गुडघा रोवून आवळलेली गाठ. आपण सारे पोथी अशीच बांधतो. कसून बांधली की हवा शिरत नाही, कीड शिरत नाही, पान वाकत नाही. जुने लेखनिक पोथीच्या अखेरीस विनवीत असत की हिला पाण्यापासून जपा, सैल बांधू नका आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. पहिल्या दोन आज्ञा मी काटेकोर पाळल्या. तिसरी संस्थेने माझ्या हाती लॅपटॉप देऊन आधीच मोडली होती.

चार्जर हरवू नये म्हणून तो मी वरची फळी आणि झाकण यांच्यामध्ये ठेवला. लॅपटॉप नुसता मिटला. बसमध्ये पाच तास तो सात वेढ्यांच्या आत जागाच होता, आणि मी त्याला मांडीवर घेऊन झोपलो होतो. घरी गाठ सोडली तेव्हा कापड असे कढत लागले, जणू आत तान्हे मूल तापाने फणफणले आहे. पडद्याला या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तडा. यंत्र पुन्हा सुरू झाले नाही. तीनशे बारा पाने वाचली ती केवळ गळ्यातल्या पिशवीमुळे, बॅटऱ्यांच्या शेजारच्या कप्प्यात फोटो उतरवलेली डिस्क होती म्हणून.

हसून झाले असेल तर पुढचे ऐका, कारण पुढचे हसण्यासारखे नाही.

संचालकसाहेबांच्या खोलीत चौकशी झाली. साहेबांनी विचारले, "शास्त्रीबुवा, लॅपटॉप कशात ठेवला होतात?"

मी म्हणालो, "भांडारातून दिलेल्या पिशवीत."

तीन शब्द. सत्य या विषयावर मी या सभागृहात अकरा व्याख्याने दिली आहेत. त्या सर्वांची बेरीज या तीन शब्दांपुढे शून्य आहे.

कप्पेताई दाराशी उभ्या होत्या. चार्जरच्या भोकात अडकलेला लाल धागा त्यांनी सकाळीच पाहिला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग साहेबांकडे. म्हणाल्या, "पुढच्या वेळी जास्त जाड फोमची बघते."

त्यांच्या सेवापुस्तिकेत शेरा पडला: "साहित्याची निवड सदोष." पुढच्या वर्षी मुख्य भांडारपालाचे पद रिकामे झाले, तेव्हा त्या शेऱ्याकडे बोट दाखवून बाहेरचा माणूस नेमला गेला. त्याला काम शिकवले ते कप्पेताईंनीच. मी यातले सगळे पाहत होतो. माझ्या खोलीची खिडकी भांडारावरच उघडते.

गेल्या आठवड्यात मी खाली भांडारात गेलो. विचारले, "बाई, त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तुमचा प्रवास कायमचा बंद झाला असता. ती मुंग्यांसारखी अक्षरं वाचणारं दुसरं कोण आहे इथे?"

"आणि तुमचे पद?"

"गेलं. चीड आली. अजून येते. वर्षभर तुमच्या चहात साखर घातली नाही, लक्षात आलं का?"

"मला वाटले माझ्या मधुमेहाची काळजी घेता..."

"तुम्हाला मधुमेह नाही, शास्त्रीबुवा."

सासूबाई मान हलवीत आहेत. म्हणजे घरी ठाऊक होते. नऊ वर्षे माझ्याविषयी त्या घरात काय बोलले गेले असेल, त्याची मी कल्पना करू शकतो. ते सर्व मला मान्य आहे.

संचालकसाहेब, आता आपल्याला एक विनंती. कप्पेताईंची सेवापुस्तिका आज पाच वाजता बंद होते. नियम असा आहे की बंद झालेल्या पुस्तिकेतला शेरा नंतर ब्रह्मदेवालाही खोडता येत नाही. आता चार वाजून पस्तीस मिनिटे झाली आहेत. हे माझे सहीचे निवेदन, घडले ते सगळे यात लिहिले आहे. खाली शेरा रद्द करण्याचा आदेश टंकलिखित आहे. आपल्या सहीपुरती जागा मोकळी ठेवली आहे. आणि हे पेन, टोपण काढलेले.

काय म्हणालात? समितीपुढे ठेवू? साहेब, समितीचे चारही सदस्य इथे समोरच बसले आहेत. हात वर करा हो. एक, दोन, तीन. चौथे झोपले आहेत, त्यांना शेजारच्यांनी हलवावे. हं, चार. झाली समिती.

तरीही आपल्याला विचार करायला अवधी हवा असेल, तर माझी हरकत नाही. तोवर मी या माइकपाशी उभा राहून पारायण करीन. मला पाठ असलेले ग्रंथ मध्ये पाणीही न पिता दोन दिवस पुरतात, आणि माझी भक्ती सभागृहाच्या सहनशक्तीहून मोठी आहे. सुरुवात मंगलाचरणाने करतो...

नको? उत्तम. तारीखही घाला साहेब. आणि शिक्का? तो आपल्या खिशात असतो हे सर्वांना ठाऊक आहे. आभारी आहे.

आता रीतीप्रमाणे समारोप. सभागृह देणाऱ्या संस्थेचे, माइक चालू ठेवणाऱ्या ध्वनिव्यवस्थेचे, आणि दाराजवळ बसूनही बाहेर न गेलेल्या सहकाऱ्यांचे मनःपूर्वक आभार. बोलण्याच्या ओघात कोणाचा मान राहिला असेल, कोणाचा जास्त झाला असेल, तर आपण मोठ्या मनाने सांभाळून घ्याल, याची खात्री आहे.

पण ही क्षमा सभेची झाली. कप्पेताई, तुमच्याकडे मी वेगळी मागतो, त्या तीन शब्दांची. ती आज द्यायलाच हवी, असा कोणताही नियम नाही. शेरा खोडला गेला म्हणून गेलेले पद परत येत नाही, हे मला कळते. देववली नाही तर देऊ नका. मी मागितली, हे मात्र सर्वांसमक्ष झाले.

बसतो.