आठ दिवसांचं अर्धायुष्य

...आणि वर म्हणे अंतर ठेवा! तुम्हाला सांगतो, तीस वर्षं गळ्यात टेप घालून गावभरची अंगं मोजली मी, आणि माझ्याच घरात माझ्याच टेपने मलाच मोजलं! कुणी? बायकोने! "अहो, दोन मीटर. तुमच्या पायाचा अंगठा खडूच्या रेषेच्या आत आलाय." आणि रेषेपलीकडे कोण, तर माझी नात, लेकीची पहिली मुलगी, अकरा दिवसांची... तिला मी नुसतं दारातून बघायचं!

झालं असं, की थायरॉइड बिघडला. हात थरथरायला लागले, सुईत दोरा जाईना, शिंप्याने करायचं काय? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, किरणोत्सारी आयोडीनची गोळी घ्या. आता ती गोळी कशात, तर शिशाच्या जाडजूड डब्यात! आणणारा माणूस डबा ठेवून चार पावलं मागे सरला, आणि मी मात्र ती गिळायची! म्हटलं, बाई, ही आत जाऊन करते काय? तर म्हणे यातले अणू अस्वस्थ असतात, आतलं काहीतरी बाहेर फेकतात, तेव्हा कुठे शांत होतात. बायको लगेच, "म्हणजे यांच्यासारखेच." कुठला अणू कधी फुटेल ते सांगता येत नाही, पण आठ दिवसांत निम्मे फुटणार म्हणजे फुटणार. "अर्धायुष्य आठ दिवस," बाई म्हणाल्या, आणि मी मटकन खाली बसलो. "तुमचं नाही हो, आयोडीनचं!"

मग मी हिशेब केला. निम्मं गेलं, निम्मं उरलं, ते पुढच्या आठ दिवसांत जाईल, सोळाव्या दिवशी कापड संपलं! बाई पुढेही बरंच बोलत होत्या, कागदही दिला होता... तो मी घडी करून मशीनच्या डुगडुगत्या पायाखाली सारला.

आणि सुरू झाला वनवास! ताट वेगळं, टॉवेल वेगळा, संडासात पाणी दोनदा... शेजारी खिडकीतून विचारतो, "काय हो, वीज गेली तर तुमच्याकडे येऊन बसू का?" बसा! माझी कुणाला पडलीय? पलीकडे नात रडली की माझे हात आपोआप पुढे व्हायचे, आणि घ्यायला काही नाही. शेवटी तिचं माप दोन मीटरवरून नुसत्या डोळ्यांनी घेतलं आणि झबलं शिवायला बसलो. असं झबलं, की काय सांगू, गळ्याला बारीक पायपिंग!

सोळाव्या दिवशी आंघोळ करून, झबलं घेऊन रेषेपाशी उभा. लेक म्हणते, "बाबा, सगळं नाही गेलं. निम्म्याचं निम्मं गेलं. चतकोर अजून आहे." म्हटलं, हे कुठलं कापड, कितीही कापा, तुकडा उरतोच? मग तिची नजर झबल्यावर. "दोरा कसा ओवलात?"

आता कसा ओवलात म्हणजे? तोंडात धरून, ओला करून, टोक दाताने तोडून! तीस वर्षांची सवय! "थुंकीतही असतं ना ते, बाबा." झालं! झबलंही पिशवीत, माझ्याच खोलीत, खुंटीला! मी आणि झबलं, दोघं एकमेकांकडे बघत बसलो. निम्मं गेलं, निम्मं उरलं... चोवीस दिवस... बत्तीस...

बत्तिसाव्या दिवशी बाईंनी गळ्यासमोर यंत्र धरलं. टिक... टिक... "आता घ्या नातीला," म्हणाल्या. मी बाईंच्या समोरच रडलो, खोटं कशाला सांगू?

घरी आलो, घेतली मांडीवर. केवढीशी बोटं, माझा अंगठा घट्ट धरला! झबलं स्वच्छ धुऊन आणलं, घालायला गेलो... डोकंच जाईना. महिनाभरात पोर गुटगुटीत झाली हो! लेक हसत म्हणाली, "बाबा, गिऱ्हाइकांना तुम्हीच सांगता ना, लहान मुलांचं माप वाढतं ठेवा म्हणून?"

सकाळपासून झबलं उसवतोय. निम्मं झालंय, निम्मं उरलंय... आणि पोर वाढतेच आहे.