मागितल्यावर नाही कसं म्हणायचं

कोरोनाच्या दिवसांत फिजीतल्या नौसोरीच्या दुकानाबाहेर आखलेल्या गोलांत आम्ही एकेक जण उभे होतो. माझ्या पुढच्या गोलात लाइसानी होती. तिची आतेबहीण अकानीसी पिशव्या घेऊन दुकानातून बाहेर आली.

"तिथंच थांब, अकानीसी! जवळ येऊ नकोस."

"अगं, सख्खी आतेबहीण मी!"

"म्हणूनच सांगतेय. घरात आई आहे माझी, दमेकरी. महिना झाला, उंबरठा ओलांडू दिलेला नाही तिला. हात धुतलेस?"

"आत जाताना धुतले, येताना धुतले."

"मी तर टॅरोचे कंदसुद्धा साबणानं धुते."

"मग भाजीला फेस येत असेल!"

"हस तू. बरं, मास्क विसरलेय मी. दारावरचा माणूस आत सोडायचा नाही. तुझा दे."

"हा? तोंडावरचा?"

"केरेकेरे, बाई. तुझी खरेदी झालीये ना?"

"केरेकेरे म्हणालीस, संपलं! आपल्यात मागितल्यावर नाही कोण म्हणतं? हा घे."

"लांबूनच टाक. अगं, ही जास्वंदीची फुलं... असला मास्क मी आईला शिवून दिलाय."

"तोच आहे."

"म्हणजे?"

"मीपण विसरले होते गं. मगाशी मामी इथून बाहेर पडत होती, तिच्याकडे मागितला."

"आई? इथं?"

"तंबाखू घ्यायला आली होती. तुला सांगू नकोस म्हणाली. पण हात मात्र दोनदा धुतले हो तिनं!"