वरच्या एका डॉलरचं आख्यान

मंडळी, सांगा बघू, गुप्तदान हे पुण्य की पाप? ...पुण्य! काय खणखणीत आवाज! मघाशी भजनाला कुठं होता हा आवाज? बरं, ऐका तर. आज तुम्हाला अमेरिकेत नेतो. विमानाचं भाडं माझ्याकडे!

ओहायो नावाचं राज्य. तिथं मार्थाबाई, शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, खासदारकीला उभ्या राहिल्या. तिथला नियम असा, की खजिनदार नेमल्याशिवाय प्रचाराला दमडी घेता येत नाही! आणि खजिनदार कोण? आपली हेमलता पाठारे, अलिबागची! एका माणसानं एका उमेदवाराला किती द्यायचं, त्याला मर्यादा. मोठी रक्कम असेल तर देणाऱ्याचं नाव, धंदा, सगळं जाहीर. आता मागच्या दारानं तिथंही पैशाचे हत्ती जातात हो! ते नाही मी झाकत. पण पुढच्या दारात ही हेमलता बसली होती, आणि ती हलत नव्हती.

मतदानाला तीन आठवडे. टीव्हीवरच्या जाहिरातीला पैसे कमी पडताहेत. आणि एका सकाळी आले की अकरा चेक! कार्लोसचा, मिगेलचा, टायरोनचा... प्रचाराच्या कचेरीत सगळे नाचायला लागले. हेमलता मात्र खुर्चीत बसली. का? प्रत्येक चेक एक हजार एक डॉलरचा!

अहो, अमेरिकन माणूस हजार देईल. वरचा एक? तो आपण आहेराच्या पाकिटावर चिकटवतो! कार्लोसला तो शकुन कुणी शिकवला?

तिला उत्तर ठाऊक होतं. तिचा थोरला भाऊ, मुकुंददादा. तीन हॉटेलांचा मालक, आणि हे अकराही जण त्याच्याच हॉटेलातले नोकर! ज्यानं तिला अमेरिकेत आणलं, शिकवलं, लग्न लावून दिलं, तो! त्यानं स्वतःच्या नावानं आधीच मर्यादेइतकं दिलं होतं.

भर दुपारी ती हॉटेलात गेली. भटारखान्यात कार्लोस कांदा चिरत होता. "हे पैसे तू दिलेस?" तो मान वर करेना. "ताई, मालकांनीच आधी आमच्या खात्यात टाकले. मग म्हणाले, चेक लिही."

दादा गल्ल्यावरून उठून आला. "अगं, तुझ्यासाठीच केलं! आणि नाव मागितलं का मी? गुप्तदान केलं!"

"दादा, देवाला दिलंस तर देव तुझ्या उपकारात अडकत नाही. मार्थाबाई अडकतील. उद्या त्या कुणाचं ऐकणार, हे मत देणाऱ्याला कळायला नको?"

"राखी बांधतेस ना मला?"

"म्हणून तर स्वतः आले. दुसरं कुणी असतं तर सरळ निवडणूक आयोगाला कळवून मोकळी झाले असते. चल, तुझ्या तोंडानं सांग. मी शेजारी बसते."

मंडळी, ज्यानं शिकवलं, त्यालाच ती हे सांगत होती! पण शब्द? शब्द नाही थरथरला!

दादा गेला. कबूल केलं. जबर दंड बसला, पेपरात फोटो आला. चेक परत गेले, जाहिरात झालीच नाही. आणि मार्थाबाई? पडल्या! चारशे मतांनी! त्या रात्री त्या हेमलतेला एवढंच म्हणाल्या, "पोरी, उद्या बाजारात मी कुणाचीही नजर चुकवणार नाही." दादा वर्षभर बोलला नाही. पुढच्या राखीला मात्र स्वतः दारात उभा राहिला, मनगट पुढे करून. धन्य ती बहीण, आणि तो भाऊही धन्य!

तर काय, देवाला द्याल तर नाव झाकून द्या. राज्य करणाऱ्याला द्याल तर नाव उघडं ठेवून द्या!

...टाळ्या नकोत. थांबा. आपल्या गावची निवडणूक महिन्यावर आली. आणि आजची माझी बिदागी, हे बघा जाडजूड पाकीट, कुणी दिली? भक्तानं की उमेदवारानं, मी विचारलंच नाही! ट्रस्टी म्हणाले, "बुवा, गुप्तदान आहे." आणि मी लोचटासारखं खिशात घातलं!

आता विचारतो. ज्यांनी दिलं त्यांनी उभं राहावं.

...कुणीच नाही?

बरं. हे पाकीट इथं समईपाशी ठेवतो. ज्याचं असेल त्यानं सगळ्यांदेखत घेऊन जावं. उचला टाळ, मंडळी! आजचं नाम फुकट!