कोटाचा व्हिडिओ

दातांच्या दवाखान्यात गाल धरून बसलेल्या पोस्टमनकाकांच्या शेजारी दोघी नणंद-भावजया होत्या. भावजयीचं कपडे अल्टर करायचं दुकान होतं आणि नणंद त्याचे व्हिडिओ मोबाईलवर टाकायची, एवढं काकांना बोलण्यावरून कळलं.

"वहिनी, महिनाभर एकही व्हिडिओ नाही. गिऱ्हाईक विसरतं हो अशानं."

"विसरू दे."

"त्या कोटाच्या व्हिडिओनं केवढी गर्दी झाली होती!"

"त्या कोटानंच घात केला. तुला बोलले नाही मी."

"का? त्या कोटवाल्या बाईंचा चेहरा कुठं दाखवला होता? नुसता कोट. आधी ढगळ, मग अंगाबरोबर बसलेला."

"अगं, तो कोट त्यांच्या लेकीनंच घेऊन दिलेला. परगावी बसून तिनं बरोबर ओळखला. आई एवढी कशानं वाळली, म्हणून लगेच फोन. बाईंनी आजारपण लपवलं होतं तिच्यापासून. परीक्षा होईपर्यंत कळू द्यायचं नव्हतं."

"अरे देवा! मग?"

"मग काय, पोरगी परीक्षा टाकून निघून आली."

"मला काय माहीत, वहिनी..."

"तुला नव्हतं गं. मला होतं. माप घेताना बोलल्या होत्या त्या, व्हिडिओ कॉलवर लेकीला कोट ढगळ दिसू नये म्हणून. तरी तुला म्हटलं, टाक. चार गिऱ्हाइकं वाढतील म्हणून."

"आता कशा आहेत?"

"काल बाजारात दिसल्या. कोट पुन्हा खांद्यावरून लोंबत होता. म्हटलं, या ना दुकानात, लगेच शिवण आत घेऊन देते."

"रागावल्या?"

"रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. हसून म्हणाल्या, 'राहू दे गं. आता कुणापासून लपवायचंय?'"