बिनदारूचं लग्न

लिहा, मला नावं दोन आहेत. आईनं ठेवलं ते ठुमली, आणि बाप्तिस्म्याच्या वेळी मिशनच्या दवाखान्यातल्या मडमसाहेबांनी दिलं ते मार्था. पाड्यातले ठुमली म्हणतात, मिशनच्या प्रार्थनेला जमणारे, म्हणजे मंडळीतले, मार्थाबाई म्हणतात, देवाला दोन्ही ठाऊक आहेत आणि तो कधी गोंधळत नाही, गोंधळतात ती माणसं. माझा जन्म खापर गावाच्या वर, डोंगराच्या अंगाला. आमच्या पाड्यावरून सकाळी मोळी घेऊन निघालं की ऊन डोक्यावर यायच्या आत खापरचा बाजार लागतो. बाप रानातली लाकडं तोडायचा, आणि कुणी साहेब दौऱ्यावर आला की त्याचा तंबू डोक्यावर घेऊन बेगारीत चालायचा. घरात आम्ही भिली बोलतो, बाजारात अहिराणी, आणि ही मराठी मी प्रार्थनेला बसून बसून शिकले, त्यामुळे बोलता बोलता मधेच माझा उपदेश व्हायला लागतो, तेव्हा तुम्ही मला थांबवा. थांबवलं तरी मी थांबेन असं नाही.

लग्न झालं ते वेस्ताशी. वेस्ता वाईट नव्हता, हे आधी लिहा. असा नाचायचा की ढोल वाजवणारे दमायचे आणि हा म्हणायचा अजून, अजून. पण नाचायला त्याला आधी दारू लागायची, पुढं पुढं नुसतं चालायलाही लागू लागली, मग झोपायला. मोहाची फुलं मी वेचायची, वाळवायची, आणि तो ती एका मोठ्या मडक्यात सडवायला घालायचा, ते मडकं म्हणजे त्याचा जीव. काय सांगू तुम्हाला, पोरीला ताप आला तेव्हा तो तिच्याकडं एकदा आणि मडक्याकडं दोनदा बघायचा. मग एका होळीनंतर शेजारच्या पाड्यावर लग्न होतं, तिथून परतताना तो उतारावरून खाली गेला आणि डोकं दगडावर आपटलं. त्याला खाटेवर घालून आणला. आणि आणणारे माझ्या अंगणात बसले आणि म्हणाले, ठुमली, दारू काढ, मेलेल्याच्या नावानं धार सोडायची आहे. ज्या दारूनं माणूस नेला तिचीच धार त्या माणसाच्या मढ्यापुढं. मी धार सोडू दिली, तेव्हा बोलायची ताकद नव्हती, पण मनात म्हटलं, वेस्ता, ही शेवटची, यापुढं ही बया माझ्या उंबऱ्याच्या आत येणार नाही. आता आमचे उपदेशक, ते नगरकडचे आहेत, आम्ही त्यांना मास्तर म्हणतो, ते सगळीकडं सांगतात की आमच्या उपदेशानं मार्थाबाईची दारू सुटली. अहो, मास्तर भेटायच्या आधीच सुटली होती. पण सांगू द्या, तेवढंच त्यांना बरं वाटतं.

मास्तर भेटले खापरच्या बाजारात. मी मोळी घेऊन गेले होते, पोर सोनी पदराला धरून, आणि चिंचेखाली चार माणसं झांज घेऊन गात होती. गाणं संपलं तसे मास्तर उभे राहिले आणि म्हणाले, ओझं वाहून जे थकलेत त्या सगळ्यांना तो बोलावतो. मला वाटलं ह्या माणसाला मोळी घ्यायची आहे. गेले सरळ त्यांच्यापुढं. त्यांच्यातली एक म्हातारी म्हणाली, ठेव ना वो माय खाले, बस जराशी. मी मोळी खाली ठेवली, बसले, वाट बघितली. मोळी त्यांनी घेतली नाही, आजवर घेतलेली नाही. पण त्या म्हातारीनं विचारलं, घरमा कोन कोन शे? घरात कोण कोण आहे, वेस्ता गेल्यापासून मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी सांगायला गेले आणि रडायला लागले, भर बाजारात, तिखट-मिठाच्या दुकानापुढं, आणि ती म्हातारी माझी पाठ चोळत बसली.

तेव्हापासून मी त्यांच्या प्रार्थनेला जायला लागले. मला पहिली भीती काय वाटली सांगू? हा देव काही मागतच नव्हता. आमच्या भगताला विचारलं की तो सांगायचा कोंबडं लागेल, बोकड लागेल, दारू तर लागेलच. आणि हे लोक म्हणतात यानं स्वतःलाच देऊन टाकलं, आता तू काही आणू नकोस. मी म्हटलं यात काहीतरी गडबड आहे, कुणी फुकट देतं का? वर्षभर मी गडबड शोधत होते. मग चैतात एका पहाटे मी मोहाखाली फुलं वेचत होते, पोटात काही नव्हतं, आदल्या दिवशी रानाच्या शिपायानं अर्धी टोपली काढून घेतली होती, आणि वेचता वेचता मी गात होते. माझ्याच ध्यानात आलं नाही. सोनी म्हणाली, आई, तू गातेस. मी थांबले, म्हटलं खरंच की. पोट रिकामं, शिपाई तसाच, वेस्ता काही परत येणार नव्हता, आणि आत मात्र असं भरून आलं होतं की ते कुठं ठेवावं कळेना. त्या दिवशी मी गडबड शोधायचं सोडलं.

तर हे झालं सुखाचं. पण सुख मिळालं की ते लोकांना पटवायचं हे केवढं काम असतं, ते मला कुणी सांगितलं नव्हतं. मंडळीत मी हसले की मास्तर म्हणायचे, मार्थाबाई, गंभीर व्हा. पाड्यात हसले की बाया म्हणायच्या, हिनं कुठंतरी दारू लपवून ठेवलीय. दोन्हीकडून चीड यायची मला, खरं सांगते, प्रार्थना करता करता चीड यायची.

आणि मग आलं सोनीचं लग्न. मुलगा रतन, मिशनच्या शाळेत शिकलेला, त्याचाही बाप्तिस्मा झालेला, त्यामुळं मास्तर खूश. पण त्याचा बाप दामजी, तो त्यांच्या पाड्याचा कारभारी, पंचांचा पंच, जुन्या देवांचा माणूस. दामजी म्हणाला, पोरगी चांगली आहे, तुमच्या देवाचंही मला काही वाईट वाटत नाही, पण धार झाली पाहिजे. आमच्यात लग्नाचा शब्द पक्का होतो तो असा: पळसाच्या पानाच्या द्रोणात मुलीच्या घरची दारू घ्यायची, वाडवडिलांची नावं घेत जमिनीवर धार सोडायची, मग पंचांनी प्यायची. धार नाही तर लग्न नाही. उद्या पोरीला घराबाहेर काढली तर पंच म्हणणार, कुठलं लग्न, आम्ही तर काही प्यालो नाही. आणि मास्तर म्हणाले, थेंबभर दारू मांडवात दिसली तर मी पुस्तक मिटून निघून जाईन, आणि ढोल नको, नाच नको. मी म्हटलं मास्तर, मग त्याला लग्न म्हणायचं की मयत? ते म्हणाले, मार्थाबाई, गंभीर व्हा.

मला तर वेस्ताची खाट डोळ्यांपुढून जात नव्हती. दारू मी आणणारच नव्हते, मास्तरांनी सांगितलं असतं तरी नाही. पण सोनी त्या रतनवर जीव टाकून बसली होती, आणि तो हातचा गेला असता. तेव्हा मी डोकं चालवलं. ताजी मोहाची फुलं धुतली, शिजवली, गोड रस गाळला. दारू नाही, नुसता रस, पोरंसुद्धा पितात. म्हटलं मोहाचाच आहे ना, दामजीची धार होईल, आणि दारू नाही म्हणजे मास्तर गप्प बसतील. दोघांनाही फसवल्यासारखं नाही आणि दोघांचंही समाधान. दोन दिवस आधी करून ठेवला, एवढा रस मावेल असं भांडं घरात एकच होतं, ते मोठं मडकं. चांगलं घासलं होतं मी, राखेनं, तीनतीनदा.

पण ते वेस्ताचं मडकं. वर्षानुवर्षं दारू प्यालेलं, त्याच्या मातीतच ती मुरलेली. त्यात चैताचा उन्हाळा. लग्नाच्या दिवशी मांडवात पंच बसले, मास्तर पुस्तक घेऊन बसले, मी झाकण काढलं आणि असा वास सुटला की ढोलवाले उठून बसले. रस आंबून उतला होता. मास्तरांनी नाकाला रुमाल लावला, म्हणाले, ही दारू आहे. दामजीनं द्रोण भरून तोंडाला लावला आणि थुंकून टाकला, म्हणाला, ही दारू नाही. अहो, दोघंही खरं बोलत होते. धड गोड नाही, धड दारू नाही, नुसता फेस. मेला तरी लेकीच्या लग्नात आलाच वेस्ता, आणि येऊन घोळ केला.

मग दामजी म्हणाला, याहीन, विहीण होऊन तू पंचांची थट्टा केलीस, मी पोराला उठवतो. मास्तर म्हणाले, मार्थाबाई, तुम्ही देवाची थट्टा केली, मी निघतो. एक इकडून निघाला, एक तिकडून. सोनी हळद लावलेली तशीच रडायला लागली, रतन खाली मान घालून बसला, त्याच्या बापापुढं त्याचं तोंड कधी उघडलंय? आणि मला अशी चीड आली, काय सांगू तुम्हाला, वेस्तावर आली, दामजीवर आली, मास्तरांवर आली, थोडी वर बघून त्याच्यावरसुद्धा आली, की एवढं भरून दिलंस तर ते ठेवायला धड मडकं का नाही दिलंस. मी ते मडकं उचललं, मांडवाच्या मधोमध गेले आणि सगळं जमिनीवर ओतलं, शेवटचा थेंब पडेपर्यंत उलटं धरून ठेवलं. ओतताना म्हटलं, वेस्ता, आता जा. पुरे झालं. जा आता.

दामजी थांबला, ओली जमीन बघितली, मी घेतलेलं वेस्ताचं नाव त्यानं ऐकलं होतं. म्हणाला, धार झाली की. मुलीच्या बापाच्या नावानं झाली. पंचांनी माना हलवल्या. तिकडं मास्तर म्हणाले, बरं केलं मार्थाबाई, पाप ओतून टाकलं. दोघंही परत येऊन आपापल्या जागी बसले. मी काय केलं ते मला कुणी विचारलं नाही. मी माझ्या नवऱ्याला निरोप दिला होता.

पण मी तेवढ्यावर सोडणार नव्हते. दामजीपुढं जाऊन उभी राहिले आणि म्हटलं,

“बाबा, माझ्या लग्नात दोघांच्या बापांनी प्यायल्यावर मोठमोठे शब्द दिले, सकाळी एकालाही आठवत नव्हते. आज तू शुद्धीत आहेस. शुद्धीत सांग, माझ्या पोरीला तुझ्या घरात कोणी मारणार नाही आणि कोणी उपाशी ठेवणार नाही.”

दामजी बोलायला गेला आणि अडकला. त्याला हातांचं काय करावं कळेना, कारण असा शब्द त्यानं जन्मात हातात द्रोण असल्याशिवाय दिला नव्हता. हात मांडीवर ठेवले, मग छातीवर, मग पागोट्याला लावले. पंच त्याच्याकडं बघत होते, कारण शुद्धीतला शब्द म्हणजे उद्या त्यांनाही आठवणार. शेवटी त्यानं खाली वाकून ओल्या मातीवर हात टेकला.

“कोणी मारणार नाही,” तो म्हणाला. “मी जिवंत आहे तोवर आधी ती जेवेल, मग मी.”

मग मास्तरांनी लग्न लावलं, मंडळीतल्या बायांनी गाणं सुरू केलं. ढोलाला मनाई होती म्हणून ढोलवाले तोंड पाडून बसले होते, त्यातल्या एकानं ते रिकामं मडकं पुढ्यात ओढलं आणि बोटं मारायला लागला, मडक्याला कुणी मनाई केली नव्हती. आणि माझे पाय उठले. वेस्ता गेल्यापासून मी नाचले नव्हते. वाटलं होतं नाच त्याच्याबरोबर गेला, आता कळलं की तो माझाही होता. मी नाचले, गाणं देवाचं आणि पाय आमच्या डोंगराचे, पदर कुठं, केस कुठं, सोनी हसायला लागली, रतनसुद्धा हसला, आणि त्या पहाटे मोहाखाली जे भरून आलं होतं तेच परत आलं, या वेळी सगळ्यांसमोर.

तेवढ्यात मास्तर जवळ आले. काहीतरी विचारायचं आहे असं दाखवून त्यांनी मान पुढं केली आणि माझं तोंड हुंगलं. मी म्हटलं, मास्तर, कांदा आहे, सकाळी भाकरीबरोबर खाल्ला. ते गेले तर दुसऱ्या बाजूनं दामजी, त्यानंही हुंगलं. त्याला वाटलं मी चांगली दारू लपवून ठेवली आणि पंचांना तो फेस दिला. कानाशी येऊन म्हणाला, याहीन, कुठं ठेवलीय ते सांग, मी कुणाला बोलणार नाही. एवढं सुख मिळालं जन्मात, आणि त्याचा झाडा घ्यायला दोन नाकं.

नाचल्याबद्दल मंडळीनं मला काही काळ प्रभुभोजनाला, येशूच्या नावानं भाकर वाटून घेतात त्याला, बसू दिलं नाही. मागं दाराशी बसायचे आणि तिथून गायचे, मोठ्यानं, मुद्दाम. पाड्यात अजून म्हणतात की ठुमलीकडं अशी दारू आहे जिला वासच येत नाही. आता मास्तर बदलून गेले, नवे आलेत, त्यांना येताच कुणीतरी सांगून ठेवलंय की या बाईवर लक्ष ठेवा. दामजी अजून पितो, सुटायची नाही त्याची, पण सोनी आधी जेवते, मग तो, अजून. रतन रानात मजुरीला जातो, शिपाई अजून टोपलीत हात घालतो, यंदा मोहही कमी गळला. त्याचं मी काय करणार, सांगून सांगून थकले, देवालाही सांगते, तो ऐकतो आणि शिपाई तसाच राहतो.

चला, उन्हं चढली, तुम्हाला खापरला उतरायचंय. जाताना ही भाकर घ्या. आणि देव तुम्हालाही असं सुख देवो, बाबा, की भल्याभल्यांनी येऊन तुमचं तोंड हुंगावं आणि त्यांना नुसता कांद्याचा वास यावा.